सहा महिन्यांची शाळा आणि उद्याचे पुढारी



दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाचा निरोप येतो, ट्रक आणि ट्रॅक्टर दारात उभे राहतात. पीठ, भांडी, पांघरुणे, कोंबड्या, शेळी आणि लेकरे असा सगळा संसार गाडीत चढतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, तेव्हा आपल्या गावातल्या कितीतरी चुली थंड होतात. दरवर्षी काही लाख माणसे ऊसतोडीला आपला जिल्हा सोडून जातात आणि पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलच्या उन्हात, परत येतात.

या लेखात आम्ही त्या गाडीत बसलेल्या लेकरांचा विचार करणार आहोत. 'आजची मुले हीच उद्याचे पुढारी' हे वाक्य आपण प्रत्येक बालदिनाला ऐकतो. ते कोपीवरच्या मुलालाही लागू आहे का? असेल, तर त्याला पुढारी होण्यासाठी काय लागेल? आणि त्यात आपल्या धर्मग्रामाचा वाटा कोणता? या तीन प्रश्नांचा आपण मिळून अभ्यास करू या.

१. अर्धे वर्ष कुठे जाते?

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. दिवाळीपर्यंत पहिले सत्र संपते आणि दिवाळीनंतर दुसरे सत्र उघडते. ऊसतोड कामगाराचे मूल पहिल्या सत्रात वर्गात बसते; दुसऱ्या सत्रात ते फडात असते. तिथे ते धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी आणते, वाढे गोळा करते, बैलांकडे बघते. बारा-तेरा वर्षांचे झाले की मोळ्या बांधू लागते. कधीतरी त्याच्या हातात कोयता येतो आणि मग पाटी कायमची सुटते.

जरा हिशेब करू. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला पहिली ते आठवी मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क त्याने दिला. म्हणजे आठ वर्षांची शाळा. पण जे मूल दरवर्षी दुसरे सत्र गमावते, त्याच्या पदरात या आठपैकी चारच वर्षे पडतात. पटावर नाव आठवीचे असते, शिकणे मात्र चौथीचे. पुढे दहावीला ते नापास झाले की आपण म्हणतो, "त्याला अभ्यासात गोडीच नव्हती." गोडी असली-नसली हा पुढचा प्रश्न. निम्मी शाळा त्याला मिळालीच नाही, हे आधी मान्य करायला हवे.

आई-बापांना दोष देणे सोपे आहे. पण गावात लेकरू ठेवायचे तर कोणापाशी? आजी-आजोबा असतील तर ठीक, नसतील तर? कुलूप लावलेल्या घरात लेकरू ठेवून जाणे कोणत्या आईला जमेल? शाळेवर प्रेम नाही म्हणून मुले जात नाहीत; त्यांच्या मागे राहायला जागा नाही म्हणून ती जातात. आपल्या अभ्यासातला हा पहिला मुद्दा नीट लक्षात ठेवू या.

२. हिशेब वाचणारा पहिला पुढारी

'पुढारी' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढरे कपडे, गाडी आणि व्यासपीठ येते. ती कल्पना जरा बाजूला ठेवू. ऊसतोडीच्या टोळीत पुढारपणाची पहिली पायरी फार साधी असते: हिशेब वाचता येणे.

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी हा कोयता मुकादमाकडून उचल घेतो आणि ती ऊस तोडून फेडतो. २०२४च्या जानेवारीत झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन दर टनाला ३६६ रुपयांपर्यंत गेला. समजा, एका जोडीने १ लाख रुपये उचल घेतली. १ लाखाला ३६६ने भागा: सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागेल. दिवसाला दोन टन तुटला असे धरले, तर जवळपास १३७ दिवस. म्हणजे साडेचार महिने एकही खाडा न करता. ताप आला, बाळंतपण आले, पावसाने फड बंद राहिला, तर दिवस वाढले. खाड्याचे पैसे कापले गेले, तर आणखी वाढले. हंगाम संपताना जे फिटले नाही ते 'बाकी' म्हणून पुढच्या वर्षावर चढते आणि त्या बाकीपायी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गाडीत बसावे लागते.

हा गुणाकार-भागाकार प्राथमिक शाळेतला आहे. पण ज्या टोळीत तो कोणालाच येत नाही, त्या टोळीला मुकादमाची वही हाच शेवटचा शब्द असतो. आणि ज्या टोळीत एखादी मुलगी वजनाच्या पावत्या जपून ठेवते, रोजचे टन लिहून ठेवते आणि शेवटी नम्रपणे विचारते, "काका, आमच्या वहीत एवढे टन आहेत, तुमच्या वहीत कमी कसे?" त्या टोळीत पुढारी जन्माला आलेला असतो. त्या मुलीला ना खुर्ची लागते, ना हार. आपल्या माणसांच्या वतीने खरे बोलण्याइतके शिक्षण आणि धीर लागतो.

३. आफ्रिकेतला एक शिक्षक

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत दुष्काळ, स्थलांतर आणि गरिबी यांनी मुलांची शाळा तोडली आहे. तिथेही 'वंचित मुलांतून उद्याचे पुढारी कसे घडवायचे' हा विचार गेली साठ-सत्तर वर्षे चालू आहे. त्यातले एक उदाहरण आपल्याला जवळचे वाटेल, कारण तो माणूस शिक्षक होता, कॅथलिक होता आणि लहानपणी गुरे राखणारा होता.

ज्युलियस न्येरेरे यांचा जन्म १९२२ साली आजच्या टांझानियातल्या बुटियामा गावी झाला. वडील त्यांच्या छोट्या जमातीचे प्रमुख होते, पण घरचे जगणे साधेच, शेती आणि गुरांचे. ज्युलियस बाराव्या वर्षी शाळेत गेले, तेही घरापासून दूर मुसोमा येथील निवासी शाळेत. म्हणजे आपल्याकडे ज्या वयात मूल शाळा सोडते, त्या वयात त्यांची शाळा सुरू झाली. पुढे ते टाबोरा येथे शिकले, नंतर युगांडातल्या मकेरेरे कॉलेजात गेले. १९४३ साली त्यांनी स्नानसंस्कार घेतला. मिशनच्या शाळेत शिकवले, स्कॉटलंडमध्ये एडिंबरा विद्यापीठाची पदवी घेतली आणि परत येऊन पुन्हा मिशनच्याच शाळेत शिक्षक झाले. १९६१ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा ते पहिले पंतप्रधान झाले, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९८५ साली स्वतःहून पायउतार झाले. लोक त्यांना अखेरपर्यंत 'म्वालिमू' म्हणत. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ 'गुरुजी'.

त्यांचे सगळेच निर्णय बरोबर ठरले असे नाही. शेतकऱ्यांना नव्या सामूहिक गावांत हलवण्याची त्यांची योजना सक्तीची झाली आणि शेतीचे नुकसान झाले. पण शिक्षणाबद्दल त्यांनी जे सांगितले ते आजही मोलाचे आहे. शिकलेल्या माणसाविषयी ते एक दाखला देत. त्याचा आशय असा: गावात दुष्काळ पडला आहे, सगळ्यांनी आपल्याकडचे उरलेसुरले अन्न एकाला दिले, का, तर त्याच्या अंगात बळ यावे आणि त्याने लांबून गावासाठी धान्य आणावे. आता तो तिकडेच राहिला, तर? शिकलेला आणि गावाला विसरलेला माणूस तसा असतो, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्या जिल्ह्याला दुष्काळ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. १९७२ सालची आठवण घराघरांत आहे. म्हणून हा दाखला आपल्याला लगेच पटतो. आपल्यातल्या एका मुलाला शिकवायला किती जणांचा घास लागतो! आईचा कोयता, बापाची पाठ, आजीची राखण, मोठ्या बहिणीची सोडलेली शाळा. तो मुलगा साहेब झाला यात आनंद आहेच. पण त्याने धान्य घेऊन परत यावे, ही शिकवण त्याला कोण देणार? ती घरात आणि देवळात मिळाली पाहिजे.

१९६७ साली न्येरेरे यांनी स्वावलंबनासाठी शिक्षण हा विचार मांडला. शाळेने मुलाला मातीपासून तोडू नये, शाळेला शेत असावे, मुलांनी हाताने काम करावे, असे ते म्हणाले. आपल्या वाचकांना इथे कर्मवीर भाऊराव पाटील आठवतील.

४. आपल्या मातीतली वाट

कर्मवीरांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहिली, एका पंक्तीत जेवली. 'कमवा आणि शिका' ही त्यांची रीत. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आपण शाळेत ऐकलेले आहे. यातून एक गोष्ट दिसते. कर्मवीरांना ठाऊक होते की गरिबाच्या मुलाला शाळेच्या आधी निवारा आणि ताट लागते. ते मिळाले की शाळा आपोआप चालते.

आपल्या भागातही ही जाण जुनी आहे. पाटोदा तालुक्यातल्या सुपे घाट सावरगावचे संत भगवानबाबा हे वारकरी संप्रदायातले. पोटाला चिमटा घ्या, पण लेकरांना शिकवा, असा त्यांचा आग्रह डोंगरपट्ट्यातले लोक आजही सांगतात. परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावच्या शेतकरी घरातले गोपीनाथ मुंडे अंबाजोगाईला आणि पुण्याला शिकले, १९९५ साली राज्याचे उपमुख्यमंत्री झाले आणि ऊसतोड कामगारांच्या मागण्यांसाठी बोलत राहिले. पक्ष कोणताही असो, खेड्यातला मुलगा शिकला की किती लांब जातो, हे जिल्ह्याने पाहिले आहे.

मोठ्या पदाशिवायही पुढारपण असते. आष्टी तालुक्यातल्या ऊसतोड कुटुंबात वाढलेले संतोष गर्जे यांनी ऐन तारुण्यात, २००४च्या सुमारास, गेवराई तालुक्यात अनाथ मुलांसाठी बालग्राम उभे केले. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वी येथे दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचे शांतिवन ऊसतोड कामगारांच्या आणि निराधार मुलांना राहण्याची व शिकण्याची सोय करून देत आले आहे. न्येरेरे यांच्या दाखल्यातला तो धान्य घेऊन परतलेला माणूस शोधायला आफ्रिकेत जायची गरज नाही, हे या कामांकडे पाहून कळते.

सरकारी वाटा कोणत्या, तेही माहीत असू द्या. २००० नंतरच्या दशकात 'जनार्थ'सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवल्या. मूल जिथे जाईल तिथे शाळा न्यायची, ही त्यामागची कल्पना. दुसरी वाट हंगामी वसतिगृहाची: गावातल्याच शाळेत सहा महिने मुलांच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय करायची, म्हणजे मूल गावात राहील. तिसरी वाट शिक्षण हमी कार्डाची. हे कार्ड दाखवून स्थलांतराच्या ठिकाणच्या शाळेत मुलाला बसता येते. आणि २०२१ साली राज्य सरकारने संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, मुलांचे एक आणि मुलींचे एक, प्रत्येकी १०० जणांची सोय, असे तिचे रूप. पहिल्या टप्प्यात बीड, जालना आणि तेव्हाचा अहमदनगर हे जिल्हे धरले गेले.

या सगळ्या वाटांत आम्हाला एक फरक जाणवतो. फडावरची शाळा चांगली, पण हंगामात टोळी कारखाना बदलते, कर्नाटकात गेली तर भाषा बदलते, आणि सांज होईतो लेकरू धुळीत असते. गावात राहिलेल्या मुलाचे वर्ष सलग होते. म्हणून जिथे शक्य आहे तिथे मूल गावात राहील अशी सोय करणे, हाच भक्कम उपाय.

५. मुलींचे काय?

हा प्रश्न वेगळा मांडावा लागतो, कारण मुलीला मागे ठेवताना आई-बापांचा जीव दुप्पट टांगणीला लागतो. वयात आलेली मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची? फडावर न्यायची, तर उघड्यावरच्या कोपीत ती किती सुरक्षित? या भीतीतून लग्न लवकर उरकले जाते. शिवाय लग्न झाले की एक नवा कोयता तयार होतो, हेही खरे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झाल्याचे दिसले. हा आकडा वाचून आपण पान उलटू नये.

इथे आफ्रिकेतली दुसरी गोष्ट सांगावीशी वाटते. केनियातल्या डोंगराळ खेड्यात १९४० साली जन्मलेल्या वांगारी माथाई. घरात मुलगे शाळेत जात होते. एके दिवशी त्यांच्या मोठ्या भावाने आईला विचारले, आपण सगळे शाळेत जातो, मग वांगारी का नाही? आईने विचार केला आणि तिला शाळेत घातले. पुढे त्या धर्मभगिनींच्या निवासी शाळेत शिकल्या, परदेशी गेल्या आणि परत येऊन १९७१ साली डॉक्टरेट मिळवली. १९७७ साली त्यांनी खेड्यातल्या बायकांना सोबत घेऊन झाडे लावण्याची चळवळ सुरू केली. ओढे आटत होते, सरपणासाठी बायकांना मैलोन्मैल जावे लागत होते. रोपवाटिका करणाऱ्या त्या बायकांनी कोट्यवधी झाडे लावली. २००४ साली वांगारी माथाई यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या सगळ्याच्या मुळाशी एका भावाचा प्रश्न आहे. आपल्या घरातले किती भाऊ असा प्रश्न विचारतात?

६. मोशेची गोष्ट पुन्हा वाचू या

निर्गम या पुस्तकाचा दुसरा आणि पाचवा अध्याय या आठवड्यात घरी वाचावा, अशी विनंती आहे. आपल्या विषयाला तो अगदी लागू पडतो.

इस्राएली लोक मिसर देशात विटा पाडत होते. रोजचा आकडा ठरलेला. पुढे तर पेंढा देणे बंद झाले आणि आकडा मात्र तोच ठेवला गेला. उचल आणि खाडा यांची ओळख असलेल्या माणसाला हा जुलूम लगेच समजेल. त्या मजुरांच्या वस्तीत जन्मलेले एक बाळ टोपलीत घालून नदीत सोडले जाते. बहीण लांबून राखण करते. फारोची मुलगी त्याला उचलून घेते, आणि त्याची स्वतःची आईच दाई म्हणून मिळते. मोशे राजवाड्यात वाढतो. तो तिथेच राहिला असता, तर आज त्याचे नाव कोणी घेतले नसते. तो आपल्या माणसांचे कष्ट पाहायला बाहेर पडतो. आणि पुढे माळावर मेंढ्या राखत असताना परमेश्वर त्याला त्याच वीटभट्टीकडे परत पाठवतो.

या गोष्टीत मोशेला घडवणारे हात मोजा. जीव धोक्यात घालणारी आई. नदीकाठी थांबलेली बहीण. आणि परक्या जातीची, परक्या धर्माची एक स्त्री, जिने रडणाऱ्या बाळाची दया करून त्याला आपल्या घरी वाढवले. यांतले एकही माणूस मागे सरले असते, तर पुढारी घडला नसता. ख्रिस्तसभेनेही १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत शिक्षणाविषयी घोषणापत्र काढले. प्रत्येक माणसाला, तो कोणत्याही वंशाचा वा परिस्थितीचा असो, शिक्षणाचा हक्क आहे, हे त्यात स्पष्ट केले. तेव्हा ही लेकरे आपल्या देवळात येतात की नाही, हा प्रश्न इथे येतच नाही.

७. आपल्याला काय करता येईल?

मोठ्या संस्था काढणे आपल्या आवाक्यात नसेल. पण दिवाळीच्या आधी पुढील गोष्टी जमण्यासारख्या आहेत.

पहिली: प्रत्येक प्रार्थना गटाने आपल्या वस्तीतली, या हंगामात जाणारी मुले मोजावीत. नाव, इयत्ता, मागे आजी-आजोबा आहेत की नाहीत, एवढे लिहून घ्यावे. आकडा हाती आला की काम सुरू होते.

दुसरी: ती यादी घेऊन दोघा-तिघांनी शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावे. हंगामी वसतिगृह होणार का, तालुक्यातल्या वसतिगृहात जागा आहे का, हे हंगामाच्या आधीच विचारावे. जी मुले जाणारच, त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड मिळेल असे पाहावे.

तिसरी: आजीपाशी राहणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळी दोन तास एखादा वर्ग, दिवा आणि शिकलेला एक तरुण द्यावा. आजी भाकरी देईल. इंग्रजी आणि गणित तिच्याकडून कसे होणार?

चौथी: मुलीला मागे ठेवू पाहणाऱ्या आईला, "ताई, तिची काळजी करू नका, मी रोज संध्याकाळी जाऊन बघेन," असे म्हणणारी एक तरी शेजारीण प्रत्येक वस्तीत असावी. मोशेची बहीण नदीकाठी उभी होती तशी.

पाचवी: आपल्यातली जी मुले शिकून पुण्या-मुंबईला नोकरीला लागली आहेत, त्यांना सणाला गावी आल्यावर या मुलांपुढे तासभर बसवावे. भाषण नको. "मी कसा शिकलो, कुठे अडलो" एवढेच सांगावे. आणि जमल्यास एका मुलाच्या वह्या-पुस्तकांचा भार उचलावा.

पुढारी एका दिवसात घडत नाही. तो सलग वर्षांतून घडतो. यंदा एका मुलाचे दुसरे सत्र आपण वाचवले, तर त्याच्या आयुष्यातले अर्धे वर्ष आपण त्याला परत दिले. असे आठ वेळा केले तर चार वर्षे. तेवढ्यात एक मुलगी भागाकार शिकते, पावत्या जपते, आणि एके दिवशी साऱ्या टोळीच्या वतीने वहीवर बोट ठेवून उभी राहते.

चिंतनासाठी आणि चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीतून या हंगामात शाळेतली किती मुले जाणार आहेत? त्यांपैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

२. मोशेला घडवणाऱ्या तीन स्त्रियांपैकी कोणाचे काम आज आपल्याला करता येईल?

३. आपण शिकलो तेव्हा कोणाकोणाचा घास आपल्या वाट्याला आला? तो आपण कोणाला परत केला?

४. घरातल्या मुलीची शाळा थांबवण्याची चर्चा निघाली, तर प्रश्न कोण विचारील?

या प्रश्नांवर गटात बोलावे आणि मुलांची यादी पुढच्या रविवारी मिस्सानंतर धर्मगुरूंकडे द्यावी, ही विनंती.